सदाहरित डॉगवुड लावण्याआधीची तयारी

रोपाआधी जागा पक्की करा, कारण एकदा रुजलेलं सदाहरित डॉगवुड हे फुलझाड उपटून दुसरीकडे हलवलं तर ते सहसा सावरत नाही. सदाहरित डॉगवुडमधला ओळखीचा प्रकार कॉर्नस कॅपिटाटा. मूळचा हिमालयातला; उत्तराखंडात त्याला भमोरा म्हणतात. साधारण उणे 10 अंशांपर्यंत तो तग धरतो. थंडी त्याहून कडक असेल तर कॉर्नस इलिप्टिका शोधा, आणि बाराही महिने उकाडा असेल तर हा नाद सोडलेला बरा.

सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल असा कोपरा निवडा. दुपारचं कडक ऊन आणि कोरडा वारा लागला की पानांच्या कडा करपतात. भिंतीपासून किमान 4 मीटर अंतर सोडा. झाड 6 ते 12 मीटर वाढतं.

खरी मेहनत मातीवर घ्यायची. सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता) 5.5 ते 6.5 हवा. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. निचराही तपासून घ्या: 30 सेंटीमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर तिथे मुळं कुजणार. उंचवटा करून लावा किंवा जागा बदला.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याच्या उंचीइतकाच खोल खणा. खोडाचा बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. खोल लावल्याने झाडं दगावतात. कुंडीत गोल फिरलेली मुळं सोडवून घ्या. लावताना खत नको. पुढेही नत्र जपूनच द्या, नाहीतर पानं माजतात आणि फुलं रुसतात.

सालीचं किंवा पानांचं आच्छादन 5 ते 8 सेंटीमीटर जाडीचं तयार ठेवा. मुळं उथळ असतात आणि वरची माती लवकर तापते, सुकते. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा. गवत कापायचं यंत्र बुंध्यापासून लांबच ठेवा, कारण साल फाटली की तिथून खोडकिडा शिरतो. पहिली दोन वर्षं वरचे काही सेंटीमीटर सुकले की खोलवर पाणी द्या.

बियांपासूनच्या रोपाला फुलायला बरीच वर्षं लागतात, म्हणून कलम घ्या. छाटणी फुलोरा ओसरताच करा. हिवाळ्यात कात्री चालवलीत तर पुढच्या कळ्याच कापल्या जातील. कडक थंडीत पानं तांबूस होऊन काही गळाली तरी घाबरून जादा पाणी देऊ नका.