काळी माती कुंडीत कशी भरावी: हौशी बागेसाठी

मराठवाड्यात कुंड्यांची बाग करायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "शेतातून दोन पोती काळी माती आणा, आपल्या मातीत काय बी येतंय." असा सल्ला देणाऱ्याच्या घरी मे महिन्यात एकदा जाऊन त्याच्या कुंड्या बघून या. ज्या मातीत कापूस डौलात उभा राहतो, तीच माती नुसती कुंडीत भरली की झाड मरतं. "आपल्या हाताला यशच नाही" म्हणून बाग सोडणारे बहुतेक लोक याच पायरीवर सोडतात.

सोपं आधी उरकतो. कुंडी भाजलेल्या मातीची किंवा सिमेंटची, निदान 12 इंची. काळ्या प्लॅस्टिकची गच्चीवर ठेवू नका, उन्हात मुळं शिजतात. झाडं उन्हाला सरावलेली घ्या: सदाफुली, मोगरा, गोकर्ण, कढीपत्ता, कोरफड, बोगनवेल. कण्हेरही भरभरून फुलते, पण ती विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर नको. लॉनचा विचार सोडा. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तिथे गवताला पाइप लावून बसायचं नसतं. लागवड मृगाचा पाऊस होऊन गेल्यावर.

आता माती. माझी सुरुवातीची वर्षं हिच्याशीच झटण्यात गेली, म्हणून इथे जरा थांबतो.

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात भेगा पडल्या तरी मुळांना खोल जायला वाव असतो, कुंडीत तो नसतो. पावसाळ्यात माती फुगून गच्च होते, हवा कोंडते आणि मुळं सडतात. उन्हाळ्यात मातीचा अख्खा गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतो आणि त्यात बारीक मुळं तुटतात.

आणि इथेच खरी फसगत होते. सकाळी तांब्याभर पाणी घातलं, ते खालच्या भोकातून वाहिलं, म्हणजे झाड प्यालं असं वाटतं. ते पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली गेलेलं असतं, आतला गोळा कोरडाच. झाड सुकतं, मग आपण आणखी पाणी घालतो, तेही तसंच जातं. अशी कुंडी दिसली तर काडीने मातीत चार-पाच भोकं पाडा आणि ती पाण्याने भरलेल्या घमेल्यात अर्धा तास ठेवा. पाणी खालून चढू द्या. वरची माती ओली दिसली की बाहेर काढा आणि निथळू द्या.

हा उपचार झाला. मुळात कुंडी भरतानाच काळजी घेतली तर ही वेळ येत नाही. माझं माप घमेल्याचं: काळी माती एक, चांगलं कुजलेलं शेणखत दोन, सोयाबीनचं कुजलेलं भुसकट किंवा पालापाचोळा एक, जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम एक. यात शेणखतावर काटकसर करू नका. "नुसती वाळू मिसळली की माती भुसभुशीत होते" हे साफ चूक आहे. चिकणमातीत थोडी बारीक वाळू पडली तर वाळल्यावर ती आणखी टणक होते. माती मोकळी ठेवतं ते कुजलेलं खत. ते काळं, भुरभुरीत आणि बिनवासाचं हवं. ताज्या शेणाने मुळं जळतात आणि अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

मिश्रण झालं की परीक्षा घ्या. मूठभर माती ओली करून लाडू वळा आणि दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी दोन बोटांत दाबल्यावर चुरा झाला तर माती तयार. फरशीवर आपटला आणि दगडासारखा खणकला, तर आणखी एक घमेलं खत घाला आणि पुन्हा लाडू वळा. हे टाळून घाईने झाड लावू नका, नंतर कुंडी उलटी करावी लागते.

तळाला खडीचा थर देण्याची पद्धत सोडून द्या. त्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा जाते. भोकावर एक खापरी पुरे.

पाणी बोट पाहून घाला, घड्याळ पाहून नाही: दोन पेरं आत बोट घालून कोरडं लागलं तरच. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना नको. त्यातलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कुंडीवर पांढरे ओघळ उठतात ते याच क्षारांचे. एसीचं पाणी चालतं. भाजी-तांदूळ धुतलेलं तर उत्तम.

होळीनंतर 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा आणि मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. एवढं करूनही मे महिन्यात काही पानं करपतातच. जास्वंदीची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर आपल्या चुनखडीयुक्त मातीत तिला लोह मिळत नाही असं समजा. खत वाढवा आणि बाकीचं सोडून द्या. ती पिवळ्या पानांतही फुलते. हौसेसाठी लावली आहे ना? मग देवाला दोन फुलं निघाली की झालं. गेलेल्या झाडाचा शोक करत बसू नका, त्या कुंडीत सदाफुली टाका.

दर दोन वर्षांनी रोहिणीत कुंडी रिकामी करा. जुनी माती फेकायची नाही. उन्हात पसरून ढेकळं फोडा, तिच्या निम्मं नवं शेणखत मिसळा आणि भरण्याआधी लाडू वळून बघा.