नाव सगळ्यात शेवटी: शोधबातमीत कुणाला उघडं पाडायचं हे कसं ठरवावं

खबर देणारा बहुधा नावच घेऊन येतो. ते वहीत टिपून ठेवा आणि शोध निर्णयापासून सुरू करा: मंजुरी कशाची, रक्कम किती, टिपणीवर (मंजुरीच्या फाइलमधल्या सरकारी नोंदीवर) सही कुणाची, फायदा कुणाला. खबऱ्याचा हितसंबंधही तिथेच लिहा. हरलेला ठेकेदार खरं सांगू शकतो, पण अर्धंच.

रस्त्याच्या कामात मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहिण्याच्या वहीत) नोंद कनिष्ठ अभियंता करतो, उपअभियंता तपासतो, बिल कार्यकारी अभियंत्याकडे मंजूर होतं. एकाच कामात खोटी नोंद असेल तर बातमी खालच्या दोघांपुरती. तोच ठेकेदार आणि तीच खोट चार-पाच कामांत दिसली, तर बिल अडवण्याचा अधिकार असूनही ज्याने अडवलं नाही, त्याच्याकडे वळा. कनिष्ठाचं नाव छापून थांबलात तर वरच्यांची सोय होते.

१९८१ चं सिमेंट प्रकरण याच कारणाने महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांचं ठरलं. बिल्डरांनी त्यांनी स्थापलेल्या न्यासाला देणग्या दिल्या आणि सरकारी कोट्याबाहेर सिमेंट मिळवलं, असा आरोप होता. सिमेंट देणारं सरकार आणि देणग्या घेणारा न्यास, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस होता. उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

माहिती अधिकाराचा अर्ज घाईने टाकू नका. तो त्याच कार्यालयात जातो आणि साहेब सावध होतात. आधी निविदा, सातबारा, इंडेक्स टू (मालमत्तेच्या नोंदणीकृत व्यवहाराचा उतारा), निवडणूक प्रतिज्ञापत्र ऑनलाइन काढा. मग अर्ज: एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपये शुल्क. ‘का दिलं?’ विचारलंत तर हमखास नकार येतो. टिपणी, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रमाणित प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या बायको-मुलांची नावं कंत्राट किंवा जमीन त्यांच्या नावावर असेल तरच घ्या. बदनामीच्या फौजदारी खटल्यात (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) मजकूर खरा असून भागत नाही, तो सार्वजनिक हिताचा होता हेही दाखवावं लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते.

छापण्याआधी प्रत्येक आरोप वेगळा मांडून लेखी प्रश्न पाठवा आणि उत्तराला निदान दोन दिवस द्या. फोनवरच्या ‘नंतर बोलू’ला उत्तर धरू नका. उत्तरासोबत नवा कागद आला, तर बातमी थांबवून सह्यांची साखळी पुन्हा तपासा. कधी कधी नाव तिथेच बदलतं.