इंजेक्शन दिलं, तरी रोहूनं अंडी सोडली नाहीत? या चुका टाळा

मृग लागला की भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांवर (जुन्या मालगुजारी तलावांवर), बोड्यांवर (लहान तळ्यांवर) मत्स्यबीजाची लगबग सुरू होते. संध्याकाळी पाण्यात हापा (बारीक जाळीच्या कापडाची पेटी) बांधून मादीला ओव्हाप्रिमचं इंजेक्शन दिलं जातं आणि सकाळी हाप्यात अंड्याचा पत्ता नसतो. मग खापर औषधावर फुटतं.

मूळ चूक म्हणजे इंजेक्शनानं अंडी तयार होतात असं धरून चालणं. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. तलावात त्यांची अंडी भरतात, पण पुराचं वाहतं पाणी मिळत नाही आणि मेंदूकडून शेवटचा हुकूम सुटत नाही. समुद्रातून नदीत चढणाऱ्या साल्मनमध्येही साखळी हीच: मेंदूतलं संप्रेरक पीयूष ग्रंथीला जागं करतं, ती ग्रंथी अंडाशयाला. ओव्हाप्रिममध्ये साल्मनच्या त्याच संप्रेरकाचं कृत्रिम रूप असतं आणि हा हुकूम रोखून धरणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा अडसर दूर करणारं डोम्पेरिडोन. हे औषध फक्त शेवटची पायरी चढवतं. कच्च्या मादीला दुप्पट डोस दिला तरी फुकटच जातो.

म्हणून आधी मासा हातात घ्या. तयार मादीचं पोट फुगीर आणि मऊ लागतं, जननद्वार सुजून लालसर झालेलं असतं. नराचा छातीकडचा पर खरखरीत लागतो, पोट हलकं दाबलं की दुधासारखं वीर्य येतं. ही तयारी जूनमध्ये होत नाही. उन्हाळ्याआधीच नर-माद्या वेगळ्या ठेवून भुईमुगाची ढेप आणि धानाचा कोंडा द्यावा लागतो. खर्च इथेच करा, औषधाच्या जास्तीच्या बाटलीवर नको.

डोस नजरेनं ठरवू नका, प्रत्येक मासा तोला. मादीला किलोमागे साधारण ०.३ ते ०.५ मिली, नराला ०.१ ते ०.२ मिली. १९५७ साली हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प (रोहू-मृगळच्या कुळातल्या) माशांचं प्रजनन घडवलं. त्या पद्धतीत मादीला दोनदा टोचावं लागे. ती सवय अजून काहींच्या हाताला आहे, पण ओव्हाप्रिम एकदाच पुरतं. सुई पाठीवरचा पर आणि पार्श्वरेषा (अंगाच्या बाजूवरून शेपटीकडे जाणारी रेघ) यांच्यामध्ये, खवल्याखालून तिरपी घाला आणि काढल्यावर बोटानं क्षणभर दाबून धरा, नाहीतर औषध बाहेर येतं.

पाऊस लांबला आणि पाणी ३१ अंशांच्या वर असेल, तर थांबा. ढगाळ संध्याकाळ बघून काम करा. कटला आणि रोहू एकाच हाप्यात सोडू नका, संकर होतो आणि ते बी पुढे कुणाच्या तलावात गेलं याचा हिशेब राहत नाही.