कॅम्पर व्हॅन फेरीबोटीत चढवायची असेल तर
साताऱ्याहून कॅम्पर व्हॅन कोकणात न्यायची तर उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटानं उतरा; आंबेनळीची वळणं लांब गाडीला नकोतच. पाण्याची टाकी घरूनच गच्च भरू नका. 100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि उतारावर तो भार ब्रेकवर येतो. चिपळुणात भरा. घाटात दुसरा गिअर.

गुहागरहून पुढे किनाऱ्यानं जाताना उत्तरेला धोपावे-दाभोळ, दक्षिणेला तवसाळ-जयगड फेरीबोट लागते. खरी गोची तिथं. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो. पुढची चाकं बोटीच्या फळीवर चढली की मागच्या चाकांमागचा लांब भाग खाली दबतो आणि सांडपाण्याचा पाइप नाहीतर सायकल स्टँड घासतो. म्हणून भरतीची वेळ गाठा, गॅसचा कॉक बंद करा, एकाला खाली उतरवून मागची फट बघायला लावा.