दोघंही नोकरीला आणि पार्सल सतत परत जातंय? या चुका टाळा

सकाळी साडेआठला घराला कुलूप, परत यायला संध्याकाळचे साडेसात-आठ, आणि कुरिअरवाला येणार दुपारी दोनला. पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिक कुठेही जा, दोघंही नोकरी करणाऱ्या घरांची हीच रड आहे. मग ट्रॅकिंगवर लाल अक्षरात काहीतरी येतं, आपण ऑफिसमधून चिडून कस्टमर केअरशी भांडतो आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मला विचाराल तर पार्सलचा निम्मा निकाल ऑर्डर टाकतानाच लागलेला असतो. पत्ता कसा लिहिलाय, नंबर कोणाचा दिलाय आणि घरी कोणी नसताना ते घेणार कोण, एवढ्या तीन गोष्टी नीट लावल्या तर बराचसा ताप कमी होतो. खाली ज्या चुका लिहिल्यात त्या आजूबाजूला सारख्या दिसतात, तुमच्याकडे कुठली होतेय ते बघा.

पत्ता सेव्ह करताना "होम" की "ऑफिस" याकडे लक्षच न देणं

अ‍ॅमेझॉनवर पत्ता टाकताना खाली पत्त्याचा प्रकार विचारतात तो बहुतेक लोक न वाचताच पुढे जातात. होम निवडलं की डिलिव्हरीची वेळ सकाळी ७ ते रात्री ९ धरली जाते, ऑफिस निवडलं की १० ते ६. आता घराच्या पत्त्यावर चुकून ऑफिस लागलं असेल तर माणूस नेमका तेव्हाच येणार जेव्हा तुम्ही घरी नसता. आणि उलटं, ऑफिसच्या पत्त्याला होम लावलं असेल तर रविवारी बंद ऑफिसच्या गेटवर पार्सल जाऊन परत येतं. दोन मिनिटं लागतात हे बदलायला, आज करून टाका.

ऑफिसला मागवायचं असेल तर आधी सिक्युरिटीला विचारा. हिंजवडी, खराडी, ऐरोली इथल्या बऱ्याच आयटी कॅम्पसमध्ये वैयक्तिक पार्सल आत घेत नाहीत, तुम्हाला मेन गेटवर उतरून यावं लागतं, आणि त्या वेळी तुम्ही क्लायंट कॉलवर असलात तर डिलिव्हरीवाला बिचारा किती वेळ थांबणार? त्याला बऱ्याचदा पार्सलमागे पैसे मिळतात, बॅगेत अजून ढीगभर माल असतो.

पत्ता फक्त स्वतःला कळेल असा लिहिणं

"फ्लॅट ३०२, साईकृपा, मारुती मंदिराजवळ" असा पत्ता आपल्याला पुरेसा वाटतो. पण त्या एरियात साईकृपा नावाच्या दोन सोसायट्या असू शकतात, तुमच्या सोसायटीत ए, बी, सी अशा तीन विंग असू शकतात, आणि मारुती मंदिर तर गल्लोगल्ली. विंग आधी लिहा, मग मजला, मग फ्लॅट, आणि खूण अशी द्या जी रस्त्यावरून गाडी चालवताना दिसते, म्हणजे पेट्रोल पंप, बँकेचा बोर्ड, शाळेचं गेट. मागच्या गेटने यायचं असेल तर तेही लिहा. मॅपवरची पिन एकदा स्वतः घरी उभं राहून सेट करा, कारण ऑफिसमध्ये बसून पत्ता टाकला आणि "करंट लोकेशन" दाबलं तर पिन ऑफिसवरच पडते आणि खाली पत्ता घरचा राहतो.

पिनकोड तर आपण गृहीतच धरतो. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी संस्कृत पंडित होते, पोस्टात मोठे अधिकारी होते, हे फार लोकांना माहीत नसतं. पहिले तीन आकडे टपाल कुठल्या वर्गीकरण विभागात जाणार ते सांगतात, ४०० मुंबई, ४११ पुणे, ४०३ गोवा, आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. म्हणजे शेवटचा एक आकडा चुकला तरी पार्सल शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हबला जाऊन बसू शकतं. नवीन भाड्याच्या घरात गेलात की जुन्या पत्त्यात फक्त फ्लॅट नंबर बदलायची सवय असते ना, त्यात पिनकोड जुनाच राहतो. जुना पत्ता सरळ डिलीट करा, नाहीतर घाईत एक दिवस तोच सिलेक्ट होणार.

अनोळखी नंबर उचलायचाच नाही

स्पॅम कॉलचा वैताग खरा आहे. पण डिलिव्हरीवाल्याचा फोन बहुतेक वेळा त्याचा खरा नंबर लपवणाऱ्या कंपनीच्या मधल्या नंबरवरून येतो, तो सेव्ह करून उपयोग नसतो, कधी ट्रूकॉलरवर लाल दिसतो, आणि आयफोनवर "सायलेन्स अननोन कॉलर्स" चालू असेल तर रिंगसुद्धा वाजत नाही. मग स्टेटस येतं "कस्टमर नॉट अव्हेलेबल" आणि आपल्याला वाटतं तो आलाच नाही. ज्या दिवशी "आऊट फॉर डिलिव्हरी" दिसतंय त्या दिवशीपुरतं ते सेटिंग बंद ठेवा. मीटिंगमुळे फोन घेताच येत नसेल तर पत्त्यात नंबर त्या माणसाचा द्या जो दुपारी फोन उचलतो, सासूबाई, भाऊ, शेजारच्या काकू, जो कोणी असेल तो. फक्त त्याला आधी सांगा.

घेणार कोण हे न ठरवणं

इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बहुतेक जण पार्सल दारात आल्यावर फोनवर ठरवतात, "बाजूला द्या ना, नाहीतर खाली वॉचमनकडे ठेवा". बाजूच्या काकू नेमक्या झोपलेल्या असतात, वॉचमन म्हणतो सोसायटीचा नियम आहे, घेणार नाही, आणि डिलिव्हरीवाला तिसऱ्या मजल्यावर उभा राहून दोघांचं ऐकतोय.

वॉचमनच्या केबिनचं म्हणाल तर एकदा आत डोकावून बघा. टेबलाखाली खोक्यांची रास, वर कोणाचं तरी दुधाचं पातेलं, कोपऱ्यात छत्र्या, आणि जुलैमध्ये खिडकीतून येणारं पाणी थेट त्या राशीवर. दिवसाचा वॉचमन पार्सल घेतो, रात्री आठला शिफ्ट बदलते, नवीन माणसाला काहीच माहिती नसते, आणि तुम्ही साडेआठला येऊन विचारलं की तो प्रामाणिकपणे सांगतो माझ्याकडे नाही. यात चोरी कोणीच केलेली नसते, पण पार्सल दोन दिवस सापडत नाही. म्हणून वॉचमनकडे ठेवायचं असेल तर रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर, कुरिअरचं नाव आणि वेळ याची नोंद झालीच पाहिजे, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक साधं कपाट किंवा रॅक मागून घ्या. मायगेट किंवा नोब्रोकरहुडसारखं सोसायटीचं गेट अ‍ॅप असेल तर "गेटवर ठेवा" हा पर्याय आधीच देऊन ठेवता येतो, पण अ‍ॅपमध्ये मंजुरी दिली म्हणजे पार्सल सुरक्षित असं समजू नका, केबिनमध्ये रास तीच असते. मोबाईल, सोनं, औषधं असल्या गोष्टी गेटवर अजिबात ठेवू नका.

शेजारच्यांवर अवलंबून असाल तर त्यांना रीतसर विचारा. काकू घरी असतात म्हणजे त्यांना दिवसातून चार वेळा उठून दार उघडायला आवडतंच असं नाही, त्यांचे गुडघे दुखत असतील, दुपारी डोळा लागत असेल. ज्या दिवशी येणार त्या दिवशी सकाळीच मेसेज करा, पैसे आधी भरून ठेवा म्हणजे त्यांना सुट्टे शोधावे लागणार नाहीत, आणि संध्याकाळी घरी आल्यावर लगेच जाऊन घ्या. त्यांच्या पॅसेजमध्ये तुमची खोकी चार-चार दिवस पडून राहायला लागली की नातं बिघडतं.

खालचा किराणावाला किंवा इस्त्रीवाला हाही चांगला पर्याय आहे, दुकान सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं असतं. त्याला विचारून पत्त्यातच "घर बंद असेल तर खाली दुकानात द्या" लिहून टाका.

ओटीपी आधी सांगून मोकळं होणं

"सर, गेटवर आलोय, ओटीपी सांगा" म्हटलं की आपण मीटिंगमधूनच सांगून टाकतो. ओटीपी सांगितला की कंपनीच्या लेखी माल तुमच्या हातात पडला, मग खोकं फुटकं असो की आलंच नसो, तुमची बाजू कमजोर होते. जो घेणार आहे त्याच्या हातात पार्सल आलं, त्याने फोनवर "हो, मिळालं, सील नीट आहे" सांगितलं की मगच ओटीपी द्या. महाग वस्तूला ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर ती शनिवार-रविवारीच घ्या, कारण खोकं उघडून तपासायचं काम काकूंच्या गळ्यात मारणं बरोबर नाही.

पासपोर्टसारख्या टपालाला कुरिअरचा नियम लावणं

पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि ज्याचा आहे त्याच्याच हातात, फोटो असलेलं ओळखपत्र बघून दिला जातो. शेजारी, वॉचमन कोणीही चालत नाही. घर बंद दिसलं की ट्रॅकिंगवर "डोअर लॉक्ड" येतं आणि टपाल पोस्टात परत जातं, तिथे साधारण सात दिवस राहतं आणि मग पाठवणाऱ्याकडे रवाना. म्हणून पासपोर्ट डिस्पॅच झाल्याचा मेसेज आला की रोज ट्रॅक करा. ते कुठल्या ऑफिसला आहे हे ट्रॅकिंगमध्येच दिसतं, तिथेच जा, कारण घराजवळचं प्रत्येक पोस्ट वाटप करतंच असं नाही. शनिवारी सकाळी ओळखपत्र आणि ट्रॅकिंग नंबर घेऊन जाणं सगळ्यात सोपं.

आणि आपल्या भागाच्या पोस्टमनशी ओळख ठेवा हो. त्याचा एरिया बहुधा ठरलेला असतो, तो रोज तिथूनच जातो, "दादा, मंगळवारी मी घरी आहे" एवढं सांगितलं तरी काम होतं. आता २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टमध्येच आलंय, त्यामुळे कोर्टाची नोटीस असो की बँकेचं पत्र, बरंचसं याच मार्गाने येतं.

स्टेटस न वाचताच भांडायला सुरुवात

प्रत्येक स्टेटसवर उपाय वेगळा आहे. "अ‍ॅड्रेस इन्कम्प्लीट" असेल तर फोन करून विंग आणि खूण सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तेच होणार. "कस्टमर नॉट अव्हेलेबल" असेल तर कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या ट्रॅकिंग पेजवर जा, तिथे बऱ्याचदा तारीख बदलायचा पर्याय असतो जो शॉपिंग अ‍ॅपमध्ये दिसत नाही. कोणी आलंच नव्हतं आणि तरी असा शेरा मारला असेल तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आणि गेट अ‍ॅपची एंट्री जोडून त्याच दिवशी तक्रार करा, तोंडी नको, चॅट किंवा मेलवर. आणि "आरटीओ" (रिटर्न टू ओरिजिन) दिसलं की समजा पार्सल पाठवणाऱ्याकडे परत निघालं, ते मध्येच थांबवायला भांडण्यात दोन दिवस घालवण्यापेक्षा पैसे परत घेऊन नवीन ऑर्डर टाका.

"डिलिव्हर्ड" दाखवतंय आणि हातात काहीच नाही? आधी अ‍ॅपमधला डिलिव्हरीचा फोटो बघा, त्यात दाराचा रंग, चपलांचा स्टँड, फरशी दिसते, बऱ्याचदा दुसऱ्या विंगचा तोच फ्लॅट नंबर निघतो. मग वॉचमनचं रजिस्टर. तिथेही नसेल तर लगेच तक्रार आणि तक्रार क्रमांक. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन टाकता येते.

गडबडीत फसवणुकीच्या मेसेजला बळी पडणं

दिवसभर पार्सलची वाट बघणारा माणूस फसवणारे लोक बरोबर हेरतात. "तुमचा पत्ता अपूर्ण आहे, ४८ तासांत अपडेट करा" असा पोस्टाच्या नावाने लिंकसकट मेसेज येतो, तो खोटा असतो, सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तसं जाहीरही केलंय. कोणी "डिलिव्हरी कन्फर्म करायला *२१* किंवा *४०१* लावून हा नंबर डायल करा" म्हणालं तर अजिबात करू नका, त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि फोनवर येणारे ओटीपीही. चुकून केलं असेल तर ##००२# डायल करून फॉरवर्डिंग बंद करा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, व्हिडिओ कॉलवर बसून राहा, असं पोलिसांच्या नावाने सांगणारा तर शंभर टक्के भामटा, डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन.

घरी आई-बाबा असतील तर त्यांना एकच नियम घालून द्या, आम्ही आधी सांगितलेलं नसेल त्या पार्सलचे पैसे द्यायचे नाहीत. न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरी पार्सल दुपारी घरी एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाती देऊन पैसे काढणारे लोक आहेत.

रिटर्नला हलक्यात घेणं

रिटर्नचा पिकअप पण दुपारीच येतो, आणि दोन-तीनदा घर बंद मिळालं की रिक्वेस्ट रद्द होते, तोवर मुदत संपलेली असते. रिटर्नचं पाकीट सकाळीच टॅगसकट बांधून, वर फ्लॅट नंबर लिहून काकूंकडे किंवा दुकानात ठेवा, वस्तूचे फोटो काढून ठेवा, आणि पिकअप झाल्याचा मेसेज आल्याशिवाय तो माणूस जाऊ देऊ नका असं त्यांना सांगा. रिफंड खात्यात जमा होईपर्यंत खोकं आणि लेबल ठेवा. मग टाकताना लेबल फाडून बारीक तुकडे करा, त्यावर तुमचं नाव, पत्ता आणि बऱ्याचदा मोबाईल नंबरही असतो.