कव्हरखालची गाडी बघायला निघण्याआधी

पुण्यात कमी धावलेली जुनी गाडी जाहिरातीतून स्वस्तात मिळत नाही. 'सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, फक्त 28,000 किमी' असं छापून आलं की त्या आकड्याचे पैसे डीलरने किमतीत आधीच धरलेले असतात. स्वस्त गाडी उभी असते सहकारनगर, एरंडवणे, कोथरूडच्या एखाद्या जुन्या सोसायटीत, जिन्याखाली, कव्हर घालून, चारही टायर बसलेली. मुलं परदेशात, काकांनी पंच्याहत्तरीनंतर गाडी सोडलेली. विकायचं कुणाच्या मनातही नसतं. मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते, पार्किंग रिकामं करायची नोटीस लागते आणि पंधरा दिवसांत गाडी कुठेतरी न्यावीच लागते. तेव्हा पहिलं काम हे, की वॉचमन, इस्त्रीवाले आणि सकाळी गाड्या पुसणारी मुलं यांच्याकडे आपला नंबर देऊन ठेवायचा. कुठली गाडी किती दिवाळ्या हललेली नाही, हे गाड्या पुसणाऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

दुसरं काम नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात. मनात भरलेल्या गाडीचं सामान मिळतं का, हे गाडी सापडण्याआधी विचारून या. मारुतीच्या झेन, एस्टीमचं बरंचसं जमून जातं. फियाटची पालिओ 1.6 किंवा आपल्या रांजणगावला बनलेली लिनिआ टी-जेट, 2015 ची अबार्थ पुंटो, या चालवायला झकास. पण एका हेडलाइटसाठी महिनोन्‌महिने फोन फिरवायची तयारी हवी. अशी गाडी स्वस्त मिळतेय याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

पिशवीत टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, हवा भरायचा छोटा पंप, जंप केबल आणि गाडीखाली आडवं व्हायला जुना पेपर. पत्रा लोखंडी असेल तिथे चुंबक चिकटलं नाही, तर आत लांबी (पुटी) भरलेली आहे. गाडी चालू स्थितीत असेल तर फोनवरच सांगायचं, 'काका, मी येईपर्यंत सुरू करू नका.' गेल्यावर आधी बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं तर थंड गाडी सुरू होताना दिसणारं काहीतरी लपवायचंय, किंवा काका उत्साही आहेत. दोन्ही शक्य आहे.

कागद मात्र घरी बसूनच तपासा. गाडीचा नंबर घालून एम-परिवहन या सरकारी ॲपवर नोंदणी, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा बघता येतो. ई-चलनंही बघून ठेवा. बोजा दिसला तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढे बोलू नका. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची, आणि 2022 मध्ये त्याची फी 600 वरून 5,000 झाली होती, आताचा दर बघून घ्या. वर पर्यावरण कर, आणि मुदत उलटून गेली असेल तर महिन्यागणिक दंड. हा सगळा आकडा गाडीच्या किमतीत मिळवून मगच 'स्वस्त' म्हणा. कव्हरखालच्या गाड्यांत हमखास निघणारी अडचण वेगळीच असते: गाडी काकांच्या नावावर आणि काका जाऊन तीन वर्षं झालेली. अशा वेळी काकूंची सही घेऊन भागत नाही. आधी फॉर्म 31 ने गाडी वारसाच्या नावावर, आणि त्यानंतर फॉर्म 29 व 30 ने तुमच्या. मुलगा डॅलसला असेल तर त्याच्या संमतीपत्राला वेळ लागतो, तो धरून चाला.

आता मीटर. पुण्यात मीटर मागे फिरवणारे आहेत, पण पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड मागे फिरवता येत नाही. टायरवर चार आकडे असतात. 2312 म्हणजे 2012 सालचा 23 वा आठवडा. 2012 च्या, तीस हजार धावलेल्या गाडीचे टायर मूळचेच असतील तर आकडा पटतो. पाचही वेगवेगळ्या सालचे असतील तर स्टेपनीपासून प्रश्न विचारायला लागा. दाराच्या कडेला ऑइल बदलल्याचा स्टिकर राहिलाय का, तेही बघा.

आणि एक लक्षात ठेवा, उभी गाडी धावत्या गाडीपेक्षा जास्त बिघडते. पेट्रोल शिळं होऊन टाकीत चिकट साका धरतो, सील सुकतात, हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागची चाकं धरतात. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर तर असतंच. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाला गाळाची रेघ दिसली की नमस्कार करून निघा. सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढ्याच्या आणि जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या, आणि धुऊन-पुसून किती परत विकल्या गेल्या, देव जाणे. सील, टायर, बॅटरी, टाइमिंग बेल्ट, टाकीची सफाई असा खर्च आधीच बाजूला काढा आणि पहिल्या दिवशी गाडी चालवत नेऊ नका. टोइंगवाला सांगा, तोही सपाट पाटीचा, आख्खी गाडी वर चढवून नेणारा.

पैसे बँकेतून द्या, आणि ताबा घेतल्याची तारीख नि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या.

माझी झेन मिळाली तेव्हा मीटरवर 31,400 किमी होते. आकड्यावर माझा विश्वास नव्हता. काकूंनी ग्लोव्ह बॉक्समधून एका बँकेची जुनी डायरी काढली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची तारीख, किलोमीटर, लिटर, दर, सगळं काकांच्या बारीक अक्षरात. शेवटच्या ओळीपुढे 'डावा इंडिकेटर बघणे'. मी तिथेच घासाघीस थांबवली. डावा इंडिकेटर खरंच बंद होता. ती डायरी मात्र गाडीबरोबर मागून घ्यायची राहिली. चार दिवसांनी परत गेलो तोवर घर आवरून झालं होतं आणि डायरी रद्दीत गेली होती. तेव्हा तेवढं यादीत लिहून ठेवा.