बुसानला जाताय? मासळीबाजारापासून टॅक्स रिफंडपर्यंत या चुका टाळा

सोलच्या सहलीला एक दिवस जोडून बुसान उरकायचं, ही सगळ्यात मोठी चूक आणि बाकीच्या अर्ध्या चुका तिच्यातूनच निघतात. केटीएक्स रेल्वे सोलहून बुसान स्टेशनला अडीच-पावणेतीन तासांत पोहोचते. साध्या डब्याचं तिकीट ५९,८०० वॉनच्या आसपास, म्हणजे साधारण पावणेचार हजार रुपये. सकाळी जाऊन रात्री परत येणं कागदावर जमतं. पण डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत हे शहर लांबच लांब पसरलंय, आणि बघण्या-खाण्याच्या जागा त्याच्या दोन टोकांना आहेत.

नैऋत्य टोकाला नाम्फो, जागालची मासळीबाजार, गुकजे मार्केट, गामछन आणि सोंगदो. पूर्वेला ग्वांगाल्ली, सेंटम सिटी, हेउंदे आणि योंगगुंगसा मंदिर. नाम्फोहून हेउंदेला मेट्रोने जाताना सोम्योनला गाडी बदलावी लागते आणि पाऊण ते एक तास जातो. सकाळी मंदिर, दुपारी गामछन, संध्याकाळी पुन्हा हेउंदे असा बेत केला, तर दिवसातले तीन तास भुयारात जातील. एक दिवस एका टोकाला, दुसरा दिवस दुसऱ्या टोकाला, असंच ठरवा. दोन रात्री तरी हव्यातच.

हॉटेलचंही तेच. समुद्र दिसावा म्हणून बरेच जण हेउंदेला खोली घेतात आणि मग रोज नाम्फोच्या फेऱ्या मारतात. दोनच रात्री असतील तर सोम्योन बरं, कारण मेट्रोच्या १ आणि २ क्रमांकाच्या लाइन तिथेच भेटतात. तीन-चार रात्री असतील तर खुशाल समुद्रकिनारी राहा. जड बॅग असेल तर स्टेशनच्या कोणत्या एक्झिटला लिफ्ट आहे ते आधी बघून ठेवा. कित्येक एक्झिटना नुसत्या पायऱ्या असतात.

नकाशा आणि कार्ड

गूगल मॅप्सवर विसंबू नका. तपशीलवार नकाशांचा डेटा देशाबाहेर न्यायला कोरिया सरकारने वर्षानुवर्षं परवानगी दिली नाही. त्यामुळे गूगलवर चालत जायचा रस्ता हवा तसा मिळत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या, दोन्ही इंग्रजीत चालतात. नेव्हरवर हॉटेल शोधताना इंग्रजी नाव टाकून सापडलं नाही, तर कोरियन लिपीतलं नाव बुकिंगमधून कॉपी करून टाका.

सोलमध्ये घेतलेलं टी-मनी कार्ड बुसानच्या मेट्रोत आणि बसमध्ये चालतं. सोलचं अमर्याद प्रवासाचं क्लायमेट कार्ड मात्र चालत नाही, आणि हे बुसानच्या गेटवर उभं राहिल्यावर कळतं. टी-मनी रिचार्ज करायला रोख वॉन लागतात, म्हणून १० हजारांच्या दोन-तीन नोटा कायम जवळ ठेवा. बसमधून उतरतानाही मागच्या दाराजवळच्या मशीनला कार्ड लावायचं. ते राहिलं, तर पुढच्या बसला किंवा मेट्रोला मिळणारी ट्रान्सफरची सवलत जाते. ती सवलत उतरल्यापासून ३० मिनिटांपर्यंतच असते.

जागालचीत गडबड कुठे होते

पहिलं म्हणजे वार. जागालचीची मुख्य इमारत महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी बंद असते, गुकजे मार्केट पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी. बाहेरच्या गल्लीतले मासळीवाले त्या दिवशीही बसलेले दिसतात, पण टाकीतला मासा निवडून वर बसून खायची खरी मजा इमारतीत आहे. चंद्रपंचांगाचं नववर्ष आणि छुसोक या सणांच्या आसपास तर जाऊच नका. दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या असतात.

दुसरी चूक भावाची. इमारतीच्या तळमजल्यावर जिवंत मासे टाक्यांमध्ये असतात आणि ते किलोवर विकले जातात. आपण गलफड उघडून ताजेपणा बघतो, तसं इथे करायची गरजच नाही, मासा डोळ्यांसमोर पोहतोय. बघायचा तो काटा. "इल किलोए ओल्मायेयो?" म्हणजे किलोचा भाव काय, हे आधी विचारा. मासा जाळीच्या टोपलीत घालून तोलतात, तेव्हा पाणी निथळू द्या आणि रिकाम्या टोपलीचं वजन वजा झालंय ना ते पाहा. भाव, वजन आणि एकूण रक्कम फोनच्या कॅल्क्युलेटरवर दाखवून पक्की झाल्याशिवाय मासा कापायला देऊ नका. एकदा सुरी लागली की घासाघीस संपली.

तिसरी चूक अंदाजाची. एक किलो मासा म्हणजे एक किलो फोडी नव्हेत. चपट्या ग्वांगओ माशातून जेमतेम निम्मं मांस हाती येतं. उरोक या खडकातल्या माशाचं डोकं मोठं आणि हाडं जाड, त्यामुळे त्यातून साधारण एक तृतीयांशच. दोघांना एक किलोचा ग्वांगओ पुरतो, उरोक घेतलात तर दीड किलो धरा. हिवाळ्यात गेलात तर बांगओ (यलोटेल) मासा घ्या, तेव्हा तो चरबीने भरलेला असतो.

चौथी चूक वरच्या मजल्यावर बिल बघून दचकण्याची. माशाची किंमत खाली दिली, तरी वर बसण्याचे, पानं, लसूण, मिरची आणि सॉसचे माणशी काही हजार वॉन वेगळे पडतात. याला सांगछारिम म्हणतात आणि यात फसवणूक काही नाही. डोकं-हाडांचं तिखट कालवण म्हणजे मेउनथांग, त्याचे पैसे आणखी वेगळे. ते मात्र सोडू नका. गावाकडच्या तिखट रश्श्याची सवय असलेल्यांना कच्च्या माशापेक्षा हेच जास्त आवडतं.

खाताना छोजांग या आंबट-तिखट लाल सॉसमध्ये फोड बुडवून काढली, तर फक्त सॉस लागतो. पहिल्या दोन-तीन फोडी थोड्या सोया सॉसबरोबर खा. इथला मासा त्याच क्षणी कापलेला असल्याने लुसलुशीत नसतो, चावायला लागतो, आणि तसाच तो असायला हवा. सान्नाकजी, म्हणजे वळवळणारे ऑक्टोपसचे तुकडे मागवलेत, तर मात्र भरपूर चावा. चोषकं घशात चिकटून जीव गुदमरू शकतो. लहान मुलांना ते अजिबात देऊ नका.

बाकीचं खाणं

द्वेजी गुकबाप हा डुकराच्या मांसाचा रस्सा-भात बुसानचा रोजचा घास, वाटी १० हजार वॉनच्या आसपास. रस्सा मुद्दाम अळणी येतो. चव न घेता "फिका आहे" म्हणून बाजूला सारू नका, आणि सगळी खारवलेली कोळंबीही एकदम ओतू नका. अर्धा चमचा घाला, ढवळा, चाखा, मग लसणाची पात टाका. एकट्याने फिरणाऱ्यांसाठी हेच सोयीचं, कारण कोळशावरच्या मांसाच्या बऱ्याच ठिकाणी किमान दोन प्लेट घ्याव्या लागतात.

नाम्फोतल्या बिफ स्क्वेअरवरचं (बिफ म्हणजे बुसानचा चित्रपट महोत्सव) सिआत होत्तोक कागदी कपात मिळतं. तळलेली पोळी कापून आत सूर्यफुलाच्या वगैरे बिया भरतात आणि खाली वितळलेली साखर उकळती असते. कप उभा धरून वरच्या कडेने खा, मधोमध चावा घेतला की जीभ पोळलीच. जवळच्या बुप्योंग मार्केटमधल्या रात्रीच्या गाड्या साडेसातनंतर लागतात, पाचला जाऊन त्या नाहीत म्हणून परत फिरू नका.

शाकाहारी मंडळींची खरी परीक्षा इथे आहे. काठीला लावलेली ओमुक पिठाची दिसते, ती माशाची असते. भाजीच्या सूपला बहुधा सुक्या म्योल्ची माशाचं पाणी असतं, आणि किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा सॉस. नुसतं "मांस नको" म्हटल्याने मासे टळत नाहीत. "गोगीरांग सेंगसन प्पेजुसेयो" म्हणा, आणि माशाच्या पाण्याबद्दलचा प्रश्न पापागो या भाषांतराच्या अ‍ॅपवर कोरियनमध्ये लिहून दाखवा. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मागवताना अंडं आणि मांस वगळायला सांगा, आणि गोचुजांग ही लाल मिरचीची पेस्ट वेगळी मागा, कारण काही ठिकाणी त्यात बीफ परतलेलं असतं. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन कुटुंबांनी बौद्ध मंदिरांच्या पद्धतीचं जेवण देणारी जागा शोधावी. त्या स्वयंपाकात ओसिनछे, म्हणजे लसूण-कांद्याच्या जातीच्या पाच भाज्या, वर्ज्य असतात.

बघायच्या जागा

गामछन ही कोरियन युद्धानंतर निर्वासितांनी डोंगरउतारावर उभारलेली वस्ती, २००९ पासून कलाप्रकल्पांनी रंगलेली. आजही तिथे लोक राहतात. घरांच्या खिडक्यांत कॅमेरा घालू नका आणि संध्याकाळी उशिरा जाऊ नका. तोसोंग स्टेशनहून चालत चढण्याऐवजी छोटी गाव-बस पकडा. 'लिटल प्रिन्स' या गोष्टीतल्या छोट्या राजपुत्राच्या पुतळ्याजवळ फोटोसाठी शनिवार-रविवारी लांब रांग लागते, सकाळी नऊला पोहोचलात तर ती टळते.

हेदोंग योंगगुंगसा हे १३७६ चं, लाटांना लागून असलेलं मंदिर. हेउंदेहून १८१ क्रमांकाची बस जाते, पण सुट्टीच्या दिवशी दुपारी वाटेतले मॉल आणि थीम पार्क यांच्या गर्दीत ती अडकते. पहाटे जा. प्रवेश फुकट आहे, आणि सूर्योदय समुद्रातून होतो.

हेउंदेच्या ब्लूलाइन पार्कची स्काय कॅप्सूल मिपो ते छोंगसाफो जाते, साधारण अर्धा तास. तिकीट माणशी नसून कॅप्सूलमागे असतं आणि एका कॅप्सूलमध्ये चौघांपर्यंत बसता येतं. त्यामुळे दोघांना ती महाग आणि चौघांना परवडणारी. सूर्यास्ताच्या वेळा सगळ्यात आधी संपतात, आयत्या वेळी खिडकीवर जाऊन मिळतीलच असं नाही. कॅप्सूल नाही मिळाली तर त्याच मार्गाखालून सोंगजोंगपर्यंत जाणारी बीच ट्रेन घ्या, तिची बाकं समुद्राकडे तोंड करून असतात.

ग्वांगाल्लीचा ड्रोन शो शनिवारीच असतो: मार्च ते सप्टेंबर रात्री ८ आणि १० वाजता, थंडीच्या महिन्यांत ७ आणि ९ वाजता. जोराचा वारा किंवा पाऊस असला की रद्द, म्हणून निघण्याआधी त्या दिवशीची सूचना बघा. जून अखेर ते जुलै पावसाळा आणि ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे, तेव्हा शोवर सगळी संध्याकाळ टांगू नका. संपल्यावर सगळे ग्वांगान स्टेशनकडे धावतात. तुम्ही गुमन्योनसान स्टेशनकडे चाला.

खरेदी

टॅक्स रिफंडसाठी, म्हणजे पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळण्यासाठी, एका बिलाची किमान रक्कम आता १५ हजार वॉन आहे. पासपोर्ट हॉटेलात ठेवून गेलात तर दुकानातच मिळणारा रिफंड हुकतो, फोनवरचा फोटो चालेलच असं नाही. विमानतळावर रिफंड घ्यायचा असेल तर वस्तू न उघडता ठेवा, आणि बॅग चेक-इन करण्याआधी रिफंडचं मशीन (किऑस्क) गाठा. रक्कम मोठी असेल तर कस्टम्स वस्तू दाखवायला सांगू शकतं, आणि बॅग पट्ट्यावरून गेली की दाखवणार काय? सोम्योन आणि नाम्फोच्या भुयारी बाजारांत कपडे स्वस्त असतात, पण बहुतेक ठिकाणी घालून बघता येत नाही आणि परत घेत नाहीत.

सुकी म्योल्ची आणि गीजांगचं समुद्री शेवाळ घ्यायचं तर व्हॅक्यूम पॅक करून मागा, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास लागतो. किमची आणि गोचुजांग चेक-इन बॅगेतच. पॉवर बँक याच्या उलट, हातातल्या सामानात. जानेवारी २०२५ मध्ये बुसानच्या गिम्हे विमानतळावर विमानाला आग लागल्यानंतर कोरियाने नियम कडक केले, आणि पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आहे.

आणि निघण्याआधीची दोन कामं. भारतीय पासपोर्टवर के-इटीए, म्हणजे व्हिसाशिवाय येणाऱ्यांची ऑनलाइन प्रवास परवानगी, मिळत नाही, रीतसर व्हिसाच लागतो, त्यामुळे न परत मिळणारं तिकीट त्याआधी काढू नका. तिथले सॉकेट २२० व्होल्टचेच, पण जाड गोल दोन पिनांचे असतात. आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही आणि बारीक दोन पिनांचा सैल राहून चार्जिंग तुटतं. अडाप्टर घरूनच न्या.